पासष्ट किलोच्या आत

आंबेवाडी, ता. कन्नड
१९ मे १९८८

सौ. द्वारकाबाई विहीणबाईंना लक्ष्मीबाईचा नमस्कार. व्याह्यांनाही सांगावा.

इकडं सगळं ठीक आहे. ऊन फार आहे, पण ते तुमच्या औरंगपुऱ्यातही असेलच. पत्र लिहिण्याचं कारण, सोमवारपासून धोंड्याचा महिना लागला. आमच्या चंद्रकलेचं लग्न माघात झालं, म्हणजे जावईबापूंचा हा पहिलाच अधिक महिना. त्यांना धोंडे जेवायला बोलवायचं आहे. तेहतीस अनारशांचं वाण आहे, तांब्याचं ताम्हण आणि दिवा कन्नडहून आणून ठेवला आहे. शुक्रवारी, तीन जूनला जेवण धरलं आहे. माझी बहीण आवडाबाई पुरणाला हात लावायला येणार आहे. तिच्याशिवाय माझं पुरण कधी जमत नाही.

बन्सीराव आणि चंद्रकला दोघांना पाठवा. चंद्रकला चार-आठ दिवस राहील, मग यांच्यासोबत पोचती करू.

चंद्रकलेचे वडील म्हणतात की जावयाला शहरातलं गार पाणी लागत असेल, म्हणून नवा माठ आणला आहे. एवढी हौस त्यांनी माझ्यासाठी कधी केली नाही. तारखेचं तेवढं कळवा. माया आहे, ती अशीच राहू द्या.

लक्ष्मीबाई


औरंगपुरा, औरंगाबाद
२४ मे १९८८

सौ. लक्ष्मीबाईंना द्वारकाबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मानपानाला आम्ही नाही म्हणत नाही. पण तीन तारीखच का? महिना चौदा जूनपर्यंत आहे, दुसरा एकही दिवस तुम्हाला सापडला नाही का? रविवारी, पाच तारखेला बन्सीचं वजन आहे. सोयरिकीच्या वेळीच तुम्हाला सांगितलं होतं की पोरगा कबड्डीवर नोकरीला लागणार आहे. वाळूजच्या कंपनीचा संघ पासष्ट किलोच्या गटात खेळतो. निवड चाचणी झाली, बन्सीचं नाव लागलं. आता पाच तारखेला काट्यावर उभं राहायचं. आत भरला तर संघात, आणि संघात म्हणजे कंपनीत कायम. बाहेर भरला तर राखीव खेळाडू आत. पुन्हा अशी भरती कधी निघेल ते त्यांचं त्यांना माहीत.

पोरानं महिनाभर एक वेळची भाकरी खाल्ली आहे. पहाटे उठून पळायला जातो. गुलमंडीच्या मागं धान्याचं दुकान आहे, तिथं मी त्याला पोती तोलायच्या काट्यावर चढवलं. दुकानदार हसत होता, म्हटलं हस बाबा, नोकरी तुझ्या पोराला लागायची नाही. चौसष्टाच्या वर थोडा भरला. म्हणजे किती जपून राहायला पाहिजे ते तुम्हीच समजा.

शास्त्रापुरता पुरणाचा एक धोंडा वाढा. तूप वरून एक थेंब. आग्रह करू नका, हात जोडून सांगते.

आणखी एक विचारायचं होतं. तुमच्या आवडाबाईंचा फकिरा त्याच संघात राखीव आहे असं बन्सी बोलता बोलता म्हणाला. खरं आहे का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

माणसाला वाटतं ते विचारावं, मनात ठेवू नये. म्हणून विचारलं.

द्वारकाबाई


औरंगपुरा, औरंगाबाद
७ जून १९८८

सौ. लक्ष्मीबाईंना,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

बन्सी सव्वा किलो जास्त भरला. सगळ्या पोरांसमोर कोचनं नाव खोडलं आणि त्या जागी कोणाचं नाव लिहिलं ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या बहिणीच्या घरी पेढे वाटून झाले असतील. आमच्या गल्लीत मी आधीच चार घरी सांगून बसले होते, आता त्या चारही बाया दारात उभ्या राहून मला विचारतात, "काय हो, बन्सी कामाला कधी जाणार?"

घरी आला तो तोंड पाडून खाटेवर पडला. मी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाला, "मी काय करू आई, सासूबाईंनी ताटावरून उठूच दिलं नाय. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. नाय कसं म्हणू?"

आता मला सांगा. मी पत्रात हात जोडून लिहिलं होतं की नाही? एकच धोंडा, असं लिहिलं होतं की नाही? तारीख तुम्ही निवडली. पुरण आवडाबाईंनी शिजवलं. राखीव गडी आवडाबाईंचा. इतकं सरळ आहे की आमच्या मालकांनाही कळलं, आणि त्यांना गुलमंडीच्या दुकानातल्या कापडापलीकडं सहसा काही कळत नाही. ते म्हणतात, "असं कोणी करत नसतं, द्वारके, तू वकील व्हायला पाहिजे होतीस." मी म्हटलं, वकील नाही म्हणूनच गप्प बसणार नाही.

भाच्यासाठी जावयाचा बळी दिलात. जावई काय, शेवटी परकाच. भाचा मात्र रक्ताचा, असा हिशेब असेल.

चंद्रकलेला सध्या पाठवू नका. तिला ठाऊक असल्याशिवाय हे झालेलं नाही. आईच्या चुलीपाशी बसून ती बघत होती आणि नवऱ्याच्या ताटात काय पडतंय ते तिला दिसलं नाही, हे मी मानणार नाही. खरं काय ते कळेपर्यंत ती तिकडंच बरी.

लोभाचं पुढं बघू.

द्वारकाबाई


आंबेवाडी
१२ जून १९८८

सौ. द्वारकाबाईंना लक्ष्मीबाईचा नमस्कार. मी लिहिते, माझा हात धजतो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चंद्रकलेला दाखवलं नाही.

मी एकच धोंडा वाढला होता. तूप तुम्ही सांगितलं तेवढंच. दुसरा जावयानं मागून घेतला. "वाढा की मामी, लाजता काय," असं म्हणाले. आवडाबाई तर मला डोळ्यांनी खुणावत होती की आता पुरे. मी म्हटलं, "बापू, परवा तुमचं वजन हाय ना?" तर म्हणाले, "ते मी बघतो." मग तिसरा, मग आणखी. जेवले ते आवडीनं जेवल्यासारखे नाही, ताटाशी भांडण असल्यासारखे. रात्री दूध मागितलं, सकाळी निघताना अनारसे मागितले. जावयानं मागितलं आणि सासूनं नाही म्हटलं, असं आमच्याकडं कधी झालेलं नाही. तुमच्याकडं होत असेल तर सांगा.

फकिराचं विचारलंत. तो राखीव होता हे खरं. मी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं त्यात काय होतं? दोघं एकाच कॉलेजच्या मैदानावर खेळणारी पोरं. त्याच्या घरी पेढे वाटलेले नाहीत. आवडाबाई तोंड लपवून बसली आहे.

आता मीही मनातलं विचारते, तुम्हीच म्हणता विचारावं. नोकरी गेली म्हणून सून नको झाली, की सून नकोच होती आणि नोकरीचं निमित्त सापडलं? लग्नात ताटं मोजताना तुमचा चेहरा मी पाहिला होता. आमचं काय कमी पडलं होतं ते तेव्हाच सांगायचं होतं.

चंद्रकला रडत नाही आणि बोलतही नाही. अंगण झाडते, तेच अंगण पुन्हा झाडते. तिला मी विचारलं, तर म्हणते, "आये, मला कायबी इचारू नको." त्यावरून मला वाटतं, काहीतरी आहे. पण ते माझ्या चुलीपाशी घडलेलं नाही. तुमच्या पोराला एकदा नीट समोर बसवून विचारा.

लक्ष्मीबाई


औरंगपुरा, औरंगाबाद
२० जून १९८८

सौ. लक्ष्मीबाईंना,

विचारलं. पोराला नाही, पोराला काय विचारायचं, तो आधीच अर्धा झालाय. मी सांडूला विचारलं. सांडू माझा चुलत भाऊ, वाळूजलाच दुसऱ्या कंपनीत मशीनवर आहे. मला आधी काट्याचीच शंका होती. म्हटलं, ज्यांनी ताट साधलं ते काटाही साधतील. म्हणून त्याला सांगितलं, ड्युटी सुटली की जा आणि त्या कोचकडून सगळं काढून आण.

काटा सरळ आहे. तेवढं तुमच्या बाजूनं लिहिते, मी खोटं लिहिणारी नाही.

पण सांडूनं आणखी एक आणलं आणि त्यानं माझी झोप गेली. कोच म्हणाला, थोडं जास्त भरणाऱ्याला आम्ही तिथल्या तिथं घरी धाडत नाही. स्वेटर घालून मैदानाला चकरा मारायच्या, घाम काढायचा, संध्याकाळी पुन्हा काट्यावर यायचं. त्या दिवशी बन्सीसारखे आणखी दोघं होते. दोघं ऊन डोक्यावर घेऊन पळाले आणि आत बसले. बन्सीला कोच स्वतः म्हणाला, "पळ बे, तुझ्यासारखा चढाईवाला मला कुठून मिळणार!" तर बन्सी म्हणाला, "नाय सर, राहू द्या," आणि झाडाखाली जाऊन बसला. बसूनच राहिला. फकिराचं नाव लिहीपर्यंत.

महिनाभर पहाटे पळणारा माझा पोरगा नोकरीसाठी दुपारभर पळत नाही? याला काय म्हणायचं? मी सांगते काय म्हणायचं. त्याला कोणीतरी बांधून ठेवलं होतं. तुमच्या घरातून निघताना त्याला शपथ घातली असेल. देव्हाऱ्यासमोर उभं करून, "फकिराला जागा सोड" म्हणून. नवा जावई, पहिला सण, सासू पदर पसरते, नाही कसं म्हणणार? आणि शपथ तुम्ही घातली नसेल तर चंद्रकलेनं घातली. म्हणूनच ती बोलत नाही. बोलेल कशी?

बन्सीला मी हे तोंडावर विचारलं. तर भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "सोड ना आई." नाही म्हणाला नाही. ध्यानात घ्या, नाही म्हणाला नाही.

आता सरळ लिहिते. खरं काय ते आठ दिवसांत कळवा. नाहीतर दोन्हीकडचे पाव्हणे बोलावून बैठक बसवू. आमच्याकडून नानासाहेब येतील, ते एकदा बोलले की मागं येत नाहीत. बैठकीत सोयरीक राहील की तुटेल ते मग माझ्या हातात नाही.

द्वारकाबाई


आंबेवाडी
२५ जून १९८८

सौ. द्वारकाबाई,

बैठक बसवायच्या आधी एक करा. पोराला उकिडवं बसायला सांगा.

कारण नंतर विचारा, आधी सांगून बघा. मी एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण मग तुम्हाला त्यातही माझा डाव दिसेल. म्हणून सगळं लिहिते.

बन्सीराव धोंडे जेवायला पाटावर बसले तेव्हा एक पाय लांब करून बसले. आवडाबाई हसली की, "जावई टेबलावर जेवणारे दिसतात." मीही हसले. औक्षणाला उठायचं होतं तर चंद्रकलेच्या खांद्यावर हात ठेवून उठले. आम्ही बायका एकमेकींकडं बघून पुन्हा हसलो, नवीन लग्न आहे म्हणून. रात्री चंद्रकला तव्यावर विटेचा तुकडा तापवत होती. मी विचारलं तर म्हणाली, "माझं पोट दुखतंय."

तुमच्या पत्रातलं ते झाडाखाली बसणं वाचलं आणि हे सगळं माझ्यासमोर एका ओळीत उभं राहिलं. मी चंद्रकलेला समोर बसवलं. म्हटलं, तू काही बोलू नको, तुझी शपथ मोडू नको, मी बोलते, तू ऐक. मी म्हटलं, "त्याचा गुडघा गेलाय." ती हो म्हणाली नाही. पण तिचे डोळे भरले आणि एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली.

म्हणून शपथेचं तुम्ही बरोबर ओळखलं होतं. फक्त ती कोणी कोणाला घातली ते उलटं धरलं.

लक्ष्मीबाई


औरंगपुरा, औरंगाबाद
२ जुलै १९८८

सौ. लक्ष्मीबाईंना द्वारकाबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी आधी चिडले. म्हटलं, ही बाई आता माझ्या धडधाकट पोराला लंगडा करायला निघाली. तुम्हाला खोटं पाडायचं म्हणूनच मी त्याला हाक मारली. "बन्सी, मोरी तुंबलीय, बोळा काढ." तो म्हणाला, नंतर काढतो. मी म्हटलं, आत्ता. भिंतीला हात धरून कमरेतून वाकला. मी म्हटलं, "बस की खाली. उकिडवं बस. लहानपणापासून बसतोस ना?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यातच मला कळलं.

पायजमा वर करायला लावला. गुडघा कवठाएवढा झालाय. शिवजयंतीच्या सामन्यात पकडीत अडकून पिरगळला होता. कंपनीच्या चाचणीत आतून पट्टी बांधून खेळला, दोनच चढाया केल्या, दोन्हीत गडी मारून आला आणि घरी रिक्षानं आला. मी तेव्हा त्याला ओवाळलं होतं. पहाटे पळायला जातो म्हणून निघायचा तो क्रांती चौकातल्या मित्राच्या ओट्यावर बसून यायचा. एवढ्याशा घरात माझ्या नाकाखाली हे चाललं होतं आणि मी सगळ्या दुनियेवर संशय घेत होते, एक माझं घर सोडून.

विचारलं, का रे असं केलंस? तर म्हणाला, "संघात गेलो असतो तर महिन्याभरात उघडं पडलं असतं. वजनात बसलो नाय म्हटलं की लोक हसतात आई, आणि विसरतात. गुडघा गेला म्हटलं की कीव करतात. मला लंगडा म्हणवून घ्यायचं नव्हतं."

मी म्हटलं, आणि सासूचं नाव का घेतलंस? तर खाली बघून म्हणाला, "त्या काही उलट बोलणार नाहीत, माहीत होतं मला."

याचा मला जास्त राग आला. गुडघ्याचा नाही आला, याचा आला. माझा हात उठला होता, तो तसाच खाली आला, कारण त्याच वेळी आठवलं की मीही तुम्हाला तेच सगळं लिहीत होते, तुम्ही उलट बोलणार नाही या भरवशावर. फरक एवढाच की तुम्ही बोललात.

मला माफी मागायची सवय नाही. आमच्या मालकांना विचारा. तरी मागते. ताटाचं, तारखेचं, आवडाबाईंच्या पुरणाचं, सगळं मी मागं घेते. राहिलं लग्नातल्या ताटांवेळच्या माझ्या चेहऱ्याचं. तेव्हा माझी दाढ दुखत होती, दुसरं काही नव्हतं.

चंद्रकलेला पाठवा. आमचे मालक येतील न्यायला.

द्वारकाबाई


आंबेवाडी
७ जुलै १९८८

ती. सासूबाईंच्या चरणी चंद्रकलेचा नमस्कार.

तुमचं पत्र आईनं मला वाचून दाखवलं. आधीची पत्रं तिनं लपवली होती, ती मी शोधून वाचली. सगळी वाचली.

मामंजींना न्यायला पाठवू नका. मी येणार नाही.

तुमचा राग धरून नाही. तुमच्या पोराला काहीही झालं असतं तर तुम्ही कोणावरही धावून गेला असता, आईचं असंच असतं. पण ह्यांनी मला शपथ घातली, मी पाळली. विटेचा शेक दिला, कोणाला कळू दिलं नाही. मला वाटलं, दुखणं त्यांचं आहे, सांगायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. आणि मग त्यांनी दोष उचलून माझ्या आईच्या पदरात टाकला. मी इथं महिनाभर बसले होते, तुमचं बैठकीचं पत्र आलं, तरी त्यांचं दोन ओळींचं कार्ड आलं नाही. मी सासरी परत यायचं की नाही हे त्यांनी तुमच्या रागावर आणि माझ्या आईच्या गप्प बसण्यावर सोडून दिलं.

त्यांचा पाय बरा नसला तरी मला चालेल. हे चालणार नाही.

त्यांनी स्वतः यावं. आईसमोर आणि आवडामावशीसमोर जे झालं ते तोंडानं सांगावं. मावशीला भाचजावयाची जागा चोरल्यासारखी मान खाली घालून फिरावं लागतंय, हे त्यांना माहीत असू द्या. पाया पडू नये, माफी मागू नये, फक्त सांगावं. येणार नसतील तर बैठक बसवा. पण मग मी आत दाराआड बसणार नाही, पाव्हण्यांसमोर बसून माझं मी बोलेन.

चंद्रकला


आंबेवाडी
११ जुलै १९८८

सौ. द्वारकाबाईंना लक्ष्मीबाईचा नमस्कार.

तुम्ही बन्सीरावांना एकट्याला पाठवलंत हे चांगलं केलं. काल दुपारच्या गाडीनं आला. फाट्यापासून चालत आला. यांनी बैलगाडी जुंपली होती, पण चंद्रकला म्हणाली, येऊ द्या चालत. मला ते कठोर वाटलं, तरी मी मध्ये पडले नाही.

आवडाबाई आणि फकिरा दोघं बसले होते. बन्सीराव आले ते दारातच उभे राहिले, कारण खाली बसायचं म्हणजे पुन्हा कोणाचा तरी खांदा धरायचा. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. मध्येच दाराची चौकट धरली, तर फकिरा म्हणाला, "जाऊ दे रे," आणि चंद्रकला त्याला म्हणाली, "तू गप ऱ्हा, त्यांना बोलू दे." आवडाबाई ऐकता ऐकता रडली. मी रडले नाही, पण माझ्याच्यानं त्याच्याकडं बघवेना.

सगळं झाल्यावर चंद्रकला उठली. मला वाटलं, आता ही दोन शब्द सुनावणार. तिनं एवढंच विचारलं, "किती दुखतं?"

त्यानं आधी पायाकडं पाहिलं. मग म्हणाला, "लई दुखतं, चंद्रकले. लई."

ती आत गेली आणि पिशवी भरायला लागली.

विहीणबाई, हा प्रश्न तुम्हीही त्याला विचारला नव्हता आणि मीही नाही. आपण दोघी महिनाभर कोणी किती वाढलं आणि कोण किती भरलं एवढंच एकमेकींना विचारत राहिलो.

आज सोमवार. दोन दिवस त्यानं पाय हलवू नये असं इथला डॉक्टर म्हणतो. गुरुवारी सकाळच्या गाडीनं दोघं निघतील आणि तिथून सरळ हाडाच्या दवाखान्यात जातील. तुम्ही तिथंच या. मीही येते आहे.

लक्ष्मीबाई